लॉरेन्स टेलरला एवढं डोक्यावर का घेतात? आकडे तर तसं सांगत नाहीत

रातकिडा:

मंडळी, एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, बघायला लागलोय आणि नियमबियम आता बऱ्यापैकी कळतात, पण इतिहासाच्या नावाने बोंब आहे. आजवरचा सगळ्यात भारी डिफेन्सिव्ह खेळाडू कोण असा विषय कुठेही निघाला की उत्तर ठरलेलं असतं. लॉरेन्स टेलर, न्यूयॉर्क जायंट्स, ५६ नंबर, लोक नुसतं एलटी म्हणतात. म्हणून आकडे काढून बसलो तर करिअरचे सॅक (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य गड्याला, पाडणं) १३२.५. ब्रूस स्मिथचे २०० आहेत, रेगी व्हाइटचे १९८. बरं ते दोघं अगदी पुढच्या लाइनमधले होते, तिच्या मागे उभे राहणारे लाइनबॅकर नव्हते असं म्हणाल तर केविन ग्रीन लाइनबॅकरच होता की, त्याचे १६०. टेलर पहिल्या दहातसुद्धा येत नाही. इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याचा पास मधेच झेलणं, अख्ख्या करिअरमध्ये ९. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले दोन, पण दोन सुपर बोलवाले ढिगाने सापडतात.

मग हे प्रकरण नक्की काय आहे? न्यूयॉर्कचा गडी म्हणून पेपरवाल्यांनी फुगवलाय का? आणि दुसरं म्हणजे मैदानाबाहेरचं त्याचं जे काही वाचलं ते वाचून डोकं गरगरलं, तरी हा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या महान लोकांच्या मानाच्या यादीत, कसा काय? भांडण लावायचा हेतू नाही, खरंच समजून घ्यायचंय.

चौथा_डाऊन:

पेपरवाल्यांचा काहीच हात नाही असं म्हणणार नाही, न्यूयॉर्क ते न्यूयॉर्कच. पण सॅक मोजून टेलर मोजायला निघालात तर हाती काही लागायचं नाही. तरी आधी हिशोबाचं बघू. सॅक हा आकडा लीगने अधिकृतपणे धरायला सुरुवात केली १९८२ ला आणि टेलर आला १९८१ ला, त्यामुळे पहिल्या वर्षाचे ९.५ सॅक कुठल्याच अधिकृत यादीत नाहीत, ते धरले तर १४२ होतात. त्यात १९८२ ला खेळाडूंचा संप झाला आणि सीझन ९ मॅचमध्ये आटोपला. पण जाऊ दे, १३२ घ्या नाहीतर १४२ घ्या, त्याने वाद मिटत नाही.

खरी गोष्ट ही की टेलरच्या आधी बाहेरच्या लाइनबॅकरचं काम काय होतं ते बघायला पाहिजे. रन आला तर फट बुजवायची, पास दिसला तर मागे सरकून टाईट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) किंवा रनिंग बॅकवर (बॉल घेऊन पळणारा) लक्ष ठेवायचं. क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जायचं म्हणजे ब्लिट्झ, आणि ब्लिट्झ हा अधूनमधून काढायचा हुकमी पत्ता, रोजचं काम नव्हे. रोजचं ते काम पुढच्या लाइनमधल्या पोरांचं. जायंट्स ३-४ खेळायचे, म्हणजे पुढे तिघं आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर, आणि टेलर त्यातला उजव्या टोकाचा. आता क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर पास टाकायला मागे सरकताना त्याची छाती उजवीकडे वळते आणि डावी बाजू पाठीमागे जाते, ती त्याला दिसतच नाही. टेलर नेमका तिकडून यायचा. कबड्डीत रेडरची नजर एका कॉर्नरवर असताना दुसऱ्या कॉर्नरने घोटा धरावा तसं, फक्त इथे धरणारा ६ फूट ३ इंच आणि २४० पौंडाच्या आसपासचा आणि पळायला रनिंग बॅकच्या तोडीचा.

आणि त्याला अडवायला समोर कोण? त्या काळच्या पद्धतीनुसार बाहेरून येणाऱ्या लाइनबॅकरला थोपवायचं काम बऱ्याचदा रनिंग बॅकच्या गळ्यात पडायचं. तो बिचारा टेलरपेक्षा ३०-३५ पौंडाने हलका, जागेवर उभा, आणि समोरून हा पूर्ण वेगात. पालापाचोळा व्हायचा. टेलर पोचला की नुसतं पाडायचा नाही, मागून येऊन वरून हात हाणायचा थेट बॉलच्या हातावर, म्हणजे सॅकबरोबर फंबलपण (हातातून बॉल सुटणं). आज तुम्ही जो कुठला एज रशर (टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावणारा) बघता तो हेच करायला बघतो.

जायंट्सचे आकडे बघा मग. १९८० ला ४-१२ (४ जिंकल्या, १२ हरल्या), विरोधकांनी ठोकलेले पॉइंट ४२५. १९८१ ला टेलर आला, ९-७ आणि पॉइंट २५७. सगळं श्रेय एकट्याचं नाही, हॅरी कार्सन, ब्रॅड व्हॅन पेल्ट, ब्रायन केली हे तिघं लाइनबॅकर आधीपासून होतेच आणि चांगलेच होते, पण १९६३ नंतर पहिल्यांदा ही टीम प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेली. त्या वर्षी टेलर डिफेन्सिव्ह रुकी (नवखा) ऑफ द इयर आणि त्याच दमात डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयरसुद्धा. पहिल्याच वर्षी हे दुसरं बक्षीस नेणारा दुसरा कोणी आजवर झालेला नाही.

एक किस्सा सांगतात पार्सेल्सचा (बिल पार्सेल्स तेव्हा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, हेड कोच १९८३ पासून). टेलरला मागे सरकून कव्हर करायला सांगितलेलं, हा पठ्ठ्या सगळं सोडून सरळ क्वार्टरबॅकवर गेला, सॅक, फंबल, आणि टीमचा फायदा. पार्सेल्सने झापलं की असलं काही आपल्या प्लेबुकमध्ये नाही, तर टेलर म्हणाला मग सोमवारी घालून टाका, भारी चालतंय. अशा माणसाला कोच शिस्त लावत बसत नाही, त्याच्याभोवती डिफेन्स रचतो.

पिवळा_रुमाल:

वरच्या पोस्टला जोडून, कारण माझ्या मते टेलरची खरी गोष्ट त्याच्या टीमपेक्षा समोरच्या टीम काय करायला लागल्या त्यात आहे.

जानेवारी १९८२, प्लेऑफ, जायंट्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स. त्यांचा कोच बिल वॉल्शने ठरवलं की रनिंग बॅकच्या भरवशावर राहिलो तर आपला क्वार्टरबॅक जो मोंटानाचं काही खरं नाही. म्हणून त्याने जॉन एअर्स नावाचा गार्ड घेतला. गार्ड म्हणजे लाइनच्या आत, सेंटरच्या शेजारी उभा राहणारा गडी, त्याला सांगितलं की स्नॅप झाला की (बॉल मागे देऊन प्ले सुरू झाला की) तुझ्या समोरच्याला सोड, मागे ये आणि टेलरची वाट बघ. टेलर सुसाट आला की पुढ्यात रनिंग बॅकच्या जागी २६० पौंडाचा एअर्स. फॉर्टीनाइनर्स ३८-२४ ने जिंकले आणि पुढे सुपर बोलपण मारला. पण ही युक्ती कायमची टिकणारी नव्हती, कारण गार्ड निघून गेला की मधे भगदाड पडतं आणि तिथून आतला लाइनबॅकर पाठवला की झालं, हे पार्सेल्सच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

मग वॉशिंग्टनचा कोच जो गिब्ज. हा जायंट्सच्याच डिव्हिजनमध्ये, म्हणजे वर्षातून दोनदा टेलरशी गाठ ठरलेली. त्याने दोन रनिंग बॅकची मांडणीच मोडली, एक रनिंग बॅक कमी केला आणि त्याच्या जागी दुसरा टाईट एंड आणला, जो स्नॅपच्या आधी इकडून तिकडे सरकू शकतो, एच-बॅक म्हणतात तो. एच-बॅक हा टेलरला उत्तर म्हणून आला हे खुद्द गिब्जने सांगितलंय. एका माणसापायी समोरच्या कोचने अख्खी फॉर्मेशन बदलली राव. सॅकच्या यादीत हे कुठे मोजणार?

शेवटचं आणि टिकाऊ उत्तर निघालं लेफ्ट टॅकल. लाइनच्या डाव्या टोकाचा माणूस, आधी बाकी लाइनमनसारखाच एक, नाव कोणाला माहीत नसायचं. टेलर आणि त्याच्या मागून आलेल्या तसल्याच रशर लोकांमुळे टीम शोधायला लागल्या की ३०० पौंडाचा असेल, हात लांब असतील आणि पाय मात्र नाचणाऱ्यासारखे हलके असतील असा माणूस कुठे मिळतो. १९९३ ला फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूला टीम बदलायची मोकळीक) आली आणि मग कळलं बाजारात या जागेची किंमत काय ते. त्याच वर्षी कोल्ट्सने बफेलो बिल्सच्या विल वोलफोर्डला कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं त्यात अशी अट होती की टीमच्या ऑफेन्समध्ये सगळ्यात जास्त पगार कायम त्याचाच राहील. क्वार्टरबॅकपेक्षा जास्त! लीगच्या ऑफिसात केवढा गोंधळ झाला त्यावरून. आता हा वोलफोर्ड कोण, तर जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये टेलरच्या समोर उभा असलेला माणूस. त्या मॅचमध्ये टेलरला एकही सॅक मिळाला नाही. टेलरला एक दिवस रोखून दाखवलं की बाजारात भाव कुठच्या कुठे जातो ते बघा.

रातकिडा:

बापरे. हे असलं कुठल्या टेबलमध्ये दिसणार नाही खरं. बरं एक शंका, एवढा भारी होता तर ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात तिथे) दुसरा कसा गेला? पहिला नंबर सेंट्सकडे होता ना? आणि त्याला एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) मिळाला म्हणतात तो कधी?

चौथा_डाऊन:

हो, १९८१ चा पहिला पिक न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा. त्यांनी जॉर्ज रॉजर्स घेतला, साऊथ कॅरोलायनाचा रनिंग बॅक, हाइझमन ट्रॉफीवाला (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती). टेलर नॉर्थ कॅरोलायनाचा, कॉलेजच्या शेवटच्या सीझनमध्ये १६ सॅक. ड्राफ्टच्या आधी २८ जनरल मॅनेजरना विचारलं होतं पहिला कोणाला घ्याल, २६ जण म्हणाले टेलर. सेंट्सचा कोच बम फिलिप्स त्या उरलेल्या दोघांत. आज हसायला येतं पण रॉजर्स काही फुसका निघाला नाही, पहिल्याच वर्षी १,६७४ यार्ड पळून लीगमध्ये पहिला आला. त्या काळी रनिंग बॅकवर टीम उभी करायची हाच शहाणपणा मानला जायचा, म्हणून फिलिप्सला एकदम मूर्ख ठरवू नये असं मला वाटतं.

एमव्हीपी १९८६ चा. २०.५ सॅक. लीगच्या इतिहासात डिफेन्सच्या माणसाला एमव्हीपी मिळालाय फक्त दोनदा, १९७१ ला मिनेसोटा वायकिंग्सच्या अ‍ॅलन पेजला आणि १९८६ ला टेलरला. त्यानंतर कोणालाच नाही. डिफेन्सच्याच जे. जे. वॉटने दोन वेगवेगळ्या वर्षी २०.५ सॅक मारले, नाही मिळाला. जायंट्स त्या वर्षी १४-२. प्लेऑफमध्ये फॉर्टीनाइनर्सना ४९-३ असं धुतलं, त्यात जिम बर्टने मोंटानाला पास टाकता टाकता धडक दिली आणि वर उडालेला बॉल टेलरने झेलून ३४ यार्ड पळत टचडाऊन (बॉल समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे नेणं) केला. मग वॉशिंग्टन १७-०, मग पासाडेनाच्या रोझ बोलला डेन्व्हर ब्रॉन्कोज ३९-२०.

उंटावरचा_शहाणा:

मी जरा विरजण घालतो. 😀

टेलर महान, वादच नाही, पण त्याला महान लाइनबॅकर म्हणणं मला तरी पटत नाही. लाइनबॅकर म्हणजे डिक बटकस. शिकागो बेअर्स, १९६५ ते १९७३, ५१ नंबर, मिडल लाइनबॅकर. सगळ्या डिफेन्सच्या मधोमध उभा, समोरचा काय करणार ते वाचायचं, बाकीच्यांना ओरडून जागेवर लावायचं, आणि मग जिथे बॉल तिथे पोचायचं. २२ इंटरसेप्शन, २७ फंबल रिकव्हरी. टीम इतकी सुमार की बेचाऱ्याला एकही प्लेऑफ मॅच मिळाली नाही, तरी आठ प्रो बोल (लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच), आणि गुडघा साफ कामातून गेला तेव्हाच थांबला, नंतर टीमवर केस केली की माझ्या गुडघ्याची हेळसांड केली, ती कोर्टाबाहेर मिटली. कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरला जे बक्षीस देतात ते कोणाच्या नावाचं आहे? बटकसच्या. २०२३ मध्ये गेला तो.

तो जुना वाटत असेल तर रे लुईस घ्या. बाल्टिमोर रेव्हन्स, १९९६ ते २०१२. २००० सालच्या रेव्हन्सने १६ मॅचमध्ये मिळून १६५ पॉइंट दिले, मॅचला जेमतेम १० पडतात, आणि सुपर बोलचा एमव्हीपी लुईसच. तो रन पण थांबवायचा, पास पण कव्हर करायचा, १७ सीझन. टेलर काय करायचा? क्वार्टरबॅकवर धावायचा. उत्तम धावायचा, सर्वात उत्तम म्हणा, पण ते काम आज एज रशरचं आहे. मग तुलना रेगी व्हाइटशी करा, आणि तिथे मी डोळे झाकून व्हाइट घेईन. तो आतून पण यायचा, बाहेरून पण, आणि दोघं मिळून अडवायला आले तरी यायचा.

चौथा_डाऊन:

टेलर नुसता क्वार्टरबॅकवर धावायचा हे काही खरं नाही हो. १९८२ च्या थँक्सगिव्हिंगची डेट्रॉइट लायन्सविरुद्धची मॅच बघा. शेवटच्या क्वार्टरमध्ये स्कोअर ६-६, लायन्स जायंट्सच्या गोल लाइनच्या तोंडाशी, आणि हा कव्हरला मागे सरकलेला, पासच्या मधे घुसला आणि ९७ यार्ड पळत टचडाऊन. मॅच १३-६. एवढ्या अंगाचा माणूस ९७ यार्ड पळतोय आणि मागचे पोचत नाहीयेत! कव्हरेज येत होतं त्याला, फक्त त्याला मागे पाठवणं म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर उपकार होते, म्हणून पाठवायचे कमी.

पण एज रशरचा मुद्दा मान्य. आजच्या भाषेत तो एज रशरच. फक्त ही भाषा आली कुठून तेही बघा.

बिनकामाची:

कोणीच अजून थाइसमनचा विषय काढला नाही? बाहेरच्या लोकांना टेलर माहीत असतो तो त्या एका प्लेमुळे.

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार रात्रीची मॅच, वॉशिंग्टनचं आरएफके स्टेडियम, म्हणजे अख्खा देश टीव्हीसमोर. वॉशिंग्टनने फ्ली फ्लिकर लावला होता. क्वार्टरबॅक जो थाइसमनने बॉल दिला रनिंग बॅक जॉन रिगिन्सला, रिगिन्स दोन पावलं पुढे गेल्यासारखं करून बॉल परत मागे थाइसमनकडे फेकतो, तोवर डिफेन्स रन समजून पुढे ओढला जातो आणि मागे लांब पासला रान मोकळं, अशी कल्पना. पण जायंट्स फसले नाहीत. आधी कार्सन अंगावर आला, त्याला चुकवायला थाइसमन पुढे सरकला आणि मागून टेलरने झडप घातली, त्यात टेलरचा गुडघा थाइसमनच्या उजव्या पायावर आला. नडगीची दोन्ही हाडं मोडली. मला तो व्हिडिओ बघवत नाही, पण त्याच्यानंतरचे दोन सेकंद बघण्यासारखे आहेत. टेलर ताडकन उठतो, डोक्याला हात लावतो आणि साइडलाइनकडे बघून जोरजोरात हात हलवतो, या लवकर, डॉक्टर आणा. समोरच्याला मोडून काढायला आलोय असं बोलणारा माणूस तो, आणि खरंच मोडल्यावर सगळ्यात आधी घाबरला तोच. थाइसमन ३६ वर्षांचा होता, परत कधी खेळला नाही. मॅच मात्र वॉशिंग्टन २३-२१ जिंकलं, बदली क्वार्टरबॅक घेऊन.

आणि पुढचं तर कोणी कथेत लिहिलं असतं तर खोटं म्हणाले असते. २०१८, तारीख तीच १८ नोव्हेंबर, वॉशिंग्टनचाच क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ, उजवाच पाय, तीच दोन हाडं, स्कोअर पुन्हा २३-२१ (यावेळी हरले), आणि थाइसमन स्टेडियममध्ये बसून बघत होता. स्मिथ २०२० मध्ये परत खेळला हे त्यातलं एक बरं.

रातकिडा, तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यांनी बरोबर चुकवलाय बघा. 😏

शेवटचा_बाक:

मी घेतो तो.

कोकेन. हा भाग लपवाछपवीचा नाही, टेलरने स्वतःच जाहीर सांगितलाय, टेस्ट चुकवायला दुसऱ्या खेळाडूंची लघवी वापरायचो इथपर्यंत. १९८६ च्या सुरुवातीला व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतले आणि त्याच वर्षी एमव्हीपी. मग १९८७ ला टेस्टमध्ये सापडला, १९८८ ला परत सापडला आणि चार मॅचची बंदी आली. तिसऱ्यांदा सापडला असता तर कायमचा बाहेर, म्हणून मग निवृत्तीपर्यंत कसाबसा आवरला आणि निवृत्तीनंतर पुन्हा घसरला. १९८७ च्या संपात सहकारी बाहेर बसलेले असताना बदली खेळाडूंबरोबर मैदानात उतरला, कारण पगार बुडत होता. तेव्हा लोकांना ते फार लागलं होतं, आज आठवतही नाही कोणाला.

हे सगळं एक वेळ स्वतःचं नुकसान म्हणून सोडून देता येईल. २०१० चं तसं नाही. १६ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात अटक झाली, २०११ च्या जानेवारीत गुन्हा कबूल केला, सहा वर्षांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) आणि लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदीत नाव. मला ती मुलगी मोठी आहे असं सांगितलं होतं असं त्याचं म्हणणं होतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला तिथे कोणीतरी आणलं होतं आणि हा गिऱ्हाईक होता, ह्याच्या पुढे मला त्याचं म्हणणं ऐकायची इच्छा राहत नाही.

हॉल ऑफ फेमचं म्हणाल तर तो आत गेला १९९९ ला, पहिल्याच फेरीत, म्हणजे हे प्रकरण त्यानंतरचं. ड्रग्जचं मात्र तेव्हा सगळ्यांना माहीत होतं आणि बरीच चर्चाही झाली होती, पण एनएफएलच्या हॉलचा नियम असा की मत देणाऱ्यांनी फक्त मैदानावरचं बघायचं. बेसबॉलच्या हॉलमध्ये चारित्र्य बघायची अट आहे, इथे नाही. आणि एकदा घेतलेल्याला बाहेर काढत नाहीत, खुनाच्या खटल्यामुळे गाजलेल्या ओ. जे. सिम्पसनचा पुतळा अजून तिथे आहे. मला विचाराल तर नियम बरोबर आहे, कारण ती इमारत कोण कसा खेळला याची आहे. पण मग आदर्श, प्रेरणा असले शब्द त्याला चिकटवू नका. व्हिडिओवाले एकाच दमात त्याला खेळाचा देव करून मोकळे होतात आणि २०११ वर एक ओळपण नसते, माझं भांडण तिथे आहे.

पिवळा_रुमाल:

शेवटचा_बाकशी शंभर टक्के सहमत. फक्त एक, पार्सेल्स आणि मंडळी यातून सुटू नयेत. त्याला काय चाललंय ते माहीत होतं, मॅचच्या दिवशी गडी उभा राहतो आणि जिंकून देतो म्हटल्यावर कोणी फार खोलात गेलं नाही. ८० च्या दशकात लीगभर तेच होतं.

रातकिडा:

शेवटचा_बाक, धन्यवाद, स्पष्ट लिहिल्याबद्दल. हे वेगवेगळं ठेवायला मला अजून जमेल असं वाटत नाही, पण निदान कोण काय म्हणतंय ते कळलं. आता एकच मॅच बघायची तर कुठली बघू? हायलाइट नको, पूर्ण बघायचीये.

चौथा_डाऊन:

२७ नोव्हेंबर १९८८, सेंट्स विरुद्ध जायंट्स, न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम. जायंट्सचा मुख्य क्वार्टरबॅक फिल सिम्स जखमी, बाहेर. टेलरच्या खांद्याचे, छातीच्या बाजूचे स्नायू फाटलेले, हात वर जात नाही, खांदा पट्ट्यांनी अंगाला आवळून बांधलाय. मधेमधे साइडलाइनला येतो आणि वेदनेने कळवळतोय ते कॅमेऱ्यात सरळ दिसतं, ट्रेनर पट्टा परत घट्ट करतो आणि हा परत आत. ७ टॅकल (बॉलवाल्याला पाडणं), ३ सॅक, २ फंबल करवले. जायंट्स १३-१२ जिंकले. म्हणजे एका पॉइंटने. पार्सेल्स नंतर त्याला जवळ ओढून काहीतरी बोलतो ते पण फुटेजमध्ये आहे.

बघताना बॉलकडे बघू नका. स्नॅपच्या आधी ५६ कुठे उभा आहे ते हेरा आणि मग सेंट्सची माणसं त्याच्या बाजूला किती जातात ते मोजा. एक हात जायबंदी असलेल्या माणसावर दोघं दोघं सोडलेले दिसतील.

उंटावरचा_शहाणा:

मॅच भारीच आहे, नाकारत नाही. पण आज कुठल्याही डॉक्टरने त्या खांद्याने खेळू दिलं नसतं आणि ते बरोबरच झालं असतं. असल्या मॅचच्या गोष्टी सांगून सांगूनच आपण दुखणं अंगावर काढणाऱ्याला मर्द ठरवलं आणि बटकसचे गुडघे, ज्युनियर साऊचा मेंदू हे सगळं मग त्याच खात्यात जमा होतं. साऊ २०१२ मध्ये गेला आत्महत्या करून, नंतर तपासणीत मेंदूला सीटीई (डोक्यावर वारंवार मार बसून होणारा आजार) निघाला. तोही लाइनबॅकरच, आणि २० सीझन खेळलेला.

बिनकामाची:

हे पटलं.

टेलरचाही शेवट काही झोकात नाही झाला. १९९२ ला अकिलीस टेंडन तुटला, तरी आणखी एक सीझन खेळायला परत आला, ६ सॅक काढले, आणि जानेवारी १९९४ ला फॉर्टीनाइनर्सकडून ४४-३ असा मार खाऊन त्याच रात्री निवृत्ती जाहीर केली. मग १९९५ च्या रेसलमेनियात बॅम बॅम बिगेलोशी कुस्ती! ज्यांनी लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफ बघितलंय त्यातल्या अर्ध्यांना तो फुटबॉलवाला आहे हे माहीत नसेल.

उंटावरचा_शहाणा:

अरे हो की, तो हाच! बिगेलोला हरवला होता ना त्याने?

बिनकामाची:

हो, दुसऱ्या दोरीवरून उडी मारून हाताचा तडाखा हाणला आणि पिन. सॅक मारताना जसा यायचा तसाच आला. 😂

शेवटचा_बाक:

रातकिडा, सेंट्सची मॅच बघून झाली की वर सांगितलेली जानेवारी १९८२ ची फॉर्टीनाइनर्सची पण बघा, टेलर हरतो ती. एअर्स ६८ नंबर. तिथे कळेल की त्याला थांबवायचं म्हणजे काय काय करायला लागायचं, सेंट्सच्या मॅचमध्ये ते नीट दिसत नाही कारण त्या दिवशी त्याला कोणी थांबवलंच नाही.